विश्लेषण : सिग्नलवर तापणारी गाडी महामार्गावर का निवते?

एप्रिल-मेमधली दुपार, घोडबंदर रस्त्यावर किंवा हिंजवडीच्या वाटेवर मुंगीच्या पावलांनी सरकणारी वाहनांची रांग आणि कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी मोटार. शहरात राहणाऱ्या कुणालाही हे दृश्य नवे नाही. गाडी तापते, चालक बाटलीतले पाणी ओततो, वाफ निवते आणि गाडी पुढे निघते. आठवड्याभरात पुन्हा तोच प्रकार घडतो. मग कुणी कूलंट बदलायला सांगते, कुणी रेडिएटर, तर कुणी थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा सल्ला देते. खर्च वाढत जातो, पण गाडी तापायची थांबत नाही.

खरे तर दोष कुठे आहे, याचा पहिला सुगावा गाडी स्वतःच देत असते. ती केव्हा तापते आणि केव्हा निवते, हे नीट पाहिले तर निम्मे निदान गॅरेजला जाण्याआधीच होते. ते कसे करायचे, चुकले तर काय बिघडते आणि पाणी ओतून वेळ मारून नेण्याची सवय महागात का पडते, याचा हा आढावा.

इंजिन तापते म्हणजे नेमके काय होते?

सिलिंडरमध्ये इंधन जळते तेव्हा आतल्या वायूचे तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. सिलिंडरवर बसणारे हेड आज बहुतेक गाड्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते. तरीही हेड शाबूत राहते, कारण त्याच्या पोटातल्या वाटांमधून कूलंट सतत वाहत असते.

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळ हिशेब मांडला तर सुमारे एक तृतीयांश ऊर्जा गाडी चालवण्याच्या कामी येते, साधारण तेवढीच सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा कूलंटला वाहून न्यावा लागतो. वॉटर पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेतली ‘वॉटर बॉडी’, हे कूलंट इंजिनातून फिरवतो. इंजिन गार असेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो आणि ८० ते ९० अंशांच्या दरम्यान ती उघडतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधून जाताना कूलंट आपली उष्णता हवेला देते आणि गार होऊन पुन्हा इंजिनात येते. या साखळीतली एकही कडी तुटली की उष्णता इंजिनातच साचू लागते.

मग सिग्नलवरच का तापते?

रेडिएटरला हवा दोन मार्गांनी मिळते. गाडी ताशी ४०-५० किलोमीटरच्या पुढे धावत असेल तर समोरच्या जाळीतून येणारा वारा सहसा पुरेसा असतो. गाडी उभी असेल तेव्हा मात्र सगळी भिस्त रेडिएटरमागच्या विजेच्या पंख्यावर असते. म्हणून महामार्गावर काटा जागचा हलत नाही आणि सिग्नलवर तीन मिनिटे थांबताच वर चढू लागतो, अशी तक्रार असेल तर पहिला संशय पंख्यावर आणि हवेच्या वाटेवर घ्यायला हवा. पंप, थर्मोस्टॅट आणि कूलंट आपापले काम बऱ्यापैकी करत आहेत, हे महामार्गावरच्या प्रवासाने जवळपास सिद्धच केलेले असते.

उन्हाळा या दोषाला वाचा फोडतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. कूलंट ९५ अंशांवर आणि बाहेरची हवा २५ अंशांवर असेल तर फरक ७० अंशांचा असतो. नागपूर, अकोल्याच्या मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की तो ५० अंशांवर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली. त्यात कोंडीतली हवा आणखी तापलेली असते. खाली डांबर, समोर दुसऱ्या गाडीचा सायलेन्सर आणि रेडिएटरच्या पुढ्यातच एसीचा कंडेन्सर. केबिनमधून काढलेली सगळी उष्णता हा कंडेन्सर रेडिएटरकडे जाणाऱ्या हवेतच सोडतो. डिसेंबरात कसाबसा निभावून नेणारा अशक्त पंखा मे महिन्यात उघडा पडतो, तो असा.

तापण्याची वेळ काय सांगते?

गाडी तापण्याचे ढोबळमानाने चार नमुने दिसतात.

– थांबल्यावर तापते, वेग घेतला की निवते : पंखा, त्याची वायर, फ्यूज, रिले किंवा बाहेरून चोंदलेली जाळी.

– वेगात किंवा चढावर तापते : आतून चोंदलेला रेडिएटर, अशक्त वॉटर पंप किंवा अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट.

– सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापते : बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट, फार कमी कूलंट किंवा हेड गॅस्केटचा दोष.

– केव्हाही तापते आणि कूलंटची पातळी सतत घटते : गळती किंवा दाब न धरणारे टोपण.

हे नमुने एकमेकांत मिसळू शकतात. तरी तपासणी कुठून सुरू करायची, हे त्यातून ठरते. ‘गाडी हीट होते’ एवढेच सांगणाऱ्या ग्राहकापेक्षा ‘एसी चालू असताना सिग्नलवर तापते, ताशी ६०च्या वेगात निवते’ असे सांगणाऱ्या ग्राहकाचे काम लवकर होते आणि स्वस्तातही.

पंखा तपासायचा कसा?

काळी-पिवळी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर यांसारख्या जुन्या गाड्यांत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरत असे. इंजिन चालू तर पंखाही चालू, असा सरळ मामला होता. आजच्या बहुतेक मोटारींत पंख्याला स्वतंत्र मोटर असते आणि ती केव्हा फिरवायची हे इंजिनाचा संगणक ठरवतो. त्यामुळे सेन्सर, फ्यूज, रिले, वायर, कनेक्टर आणि मोटर यांपैकी काहीही बिघडले तरी पंखा गप्प बसतो. काही गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात. त्यातला एकच बंद पडला तर पंखा फिरताना दिसतो, पण हवी तेवढी हवा खेचत नाही.

तपासणी सोपी आहे. मोकळ्या जागी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक लावून इंजिन चालू ठेवावे आणि एसी सुरू करावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंखा फिरू लागतो. न फिरल्यास फ्यूज, रिले आणि मोटर तपासायला हवी. एसी लावल्यावर फिरतो, पण एसी बंद असताना काटा वर जाऊनही फिरत नाही, तर संशय तापमानाच्या सेन्सरवर किंवा त्याच्या वायरवर जातो. एसी बंद ठेवल्यास पंखा साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास सुरू होतो आणि कूलंट थोडे निवले की थांबतो. चालू-बंदचे हे चक्र दोन-तीन वेळा दिसले, तर पंख्याला आदेश देणारी यंत्रणा ठीक आहे असे समजावे.

पंख्याची दिशाही पाहावी. चालू पंख्यासमोर, म्हणजे गाडीच्या पुढच्या जाळीवर, पातळ कागद धरला तर तो आत ओढला जायला हवा. अपघातानंतरच्या दुरुस्तीत पंख्याच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर तो उलटा फिरतो आणि गाडी धावताना येणाऱ्या वाऱ्याशीच झुंजत बसतो. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण तुटलेले किंवा काढून ठेवलेले असेल, तरी हवा रेडिएटरमधून न जाता बाजूने पळते.

आणखी एक खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते. सिग्नलवर एसी गार हवा देईनासा होतो आणि गाडी धावू लागली की पुन्हा देतो. अनेक चालक यावर एसीचा गॅस भरून घेतात. मुळात कंडेन्सरला आणि रेडिएटरला हवा देणारा पंखा बहुधा एकच असतो. एसीची ही कुरकुर म्हणजे पुढे इंजिन तापणार असल्याची आगाऊ सूचना असू शकते.

बॉनेट उघडून पाहताना मात्र हात, ओढणी, टाय पंख्यापासून दूर ठेवावेत. अनेक गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो.

पंखा ठीक असेल तर?

त्यानंतर हवेची वाट पाहावी. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत धूळ, किडे, सुकलेला पाला, रस्त्यावरून उडालेली प्लास्टिकची पिशवी असे काहीही अडकते. समोरून पाहिले तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि मागचा रेडिएटर मातीने लिंपलेला असतो. इंजिन पूर्ण गार झाल्यावर, शक्यतो इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने तो धुवावा. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनचा फवारा जवळून मारला तर पातळ पाती वाकतात आणि हवेची वाट कायमची बुजते.

वॉटर पंपाची परीक्षा त्यानंतर. पंप साधारणपणे इंजिनाच्या वेगाबरोबर फिरतो, म्हणजे सिग्नलवर तो सर्वात मंद असतो. त्याची पाती गंजून झिजली असतील, किंवा प्लास्टिकची असतील आणि दांड्यावर सैल झाली असतील, तर मंद गतीत कूलंट पुरेसे पुढे सरकत नाही. पंपाखालच्या छोट्या छिद्राजवळ सुकलेल्या कूलंटचा डाग दिसला, तर आतले सील गेल्याची ती खूण असते. पट्टा ढिला असेल, तरी पंप मागे पडतो.

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तर इंजिन झपाट्याने तापते, पण रेडिएटरचा खालचा होस पाइप गारच राहतो. हा फरक इंजिन बंद करून आणि बेताने पाहावा.

तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅटच काढून टाकणे हा आपल्याकडचा लाडका जुगाड आहे. पंख्याचा दोष तसाच ठेवून थर्मोस्टॅट काढणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला जास्त वेळ घेते, संगणक तोवर जास्त इंधन सोडत राहतो आणि मायलेज घसरते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की कूलंटचा काही भाग रेडिएटरला वगळून परस्पर आतल्या आत फिरतो आणि कोंडीत गाडी उलट जास्त तापते.

कूलंट जाते तरी कुठे?

शीतकरणाची यंत्रणा बंदिस्त असते. त्यामुळे महिन्या-महिन्याला पाणी भरावे लागत असेल, तर ते कुठून तरी जात आहे हे नक्की. होसचे सांधे, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या बाजू, हीटरच्या नळ्या आणि पंपाचे सील या नेहमीच्या जागा. केबिनमध्ये चालकाशेजारच्या पायपुसणीखाली ओल आणि गोडसर वास असेल, तर हीटरची छोटी जाळी गळत असावी.

सीएनजी किट नंतर बसवलेल्या गाड्यांत एक जागा वेगळी तपासावी लागते. उच्च दाबाचा वायू दाब कमी होताना गार पडतो, म्हणून त्याच्या रिड्यूसरला कूलंटची ऊब दिली जाते. त्यासाठी मूळ होस कापून जोड दिलेले असतात. हे जोड आणि त्यांच्या क्लिपा ढिल्या झाल्या की थेंब-थेंब गळती सुरू होते. चालत्या गाडीत तो थेंब गरम भागावर पडून उडून जातो आणि पार्किंगमध्ये डाग दिसत नाही. म्हणूनच गॅरेजमध्ये हातपंपाने दाब देऊन यंत्रणा तपासणे गरजेचे असते. ही चाचणी थोड्या वेळात होते आणि गळतीची जागा दाखवते.

टोपणाकडे तर कुणाचेच लक्ष नसते. अनेक गाड्यांत ते साधारण एक बार जादा दाब धरून ठेवते. त्या दाबाखाली साधे पाणीही १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. टोपणाची स्प्रिंग किंवा रबर थकले की हा दाब टिकत नाही, कूलंट आधीच उकळू लागते आणि बाहेर फेकले जाते. काही शे रुपयांच्या टोपणाऐवजी अख्खा रेडिएटर बदलला जाण्याचे प्रकार इथूनच सुरू होतात.

बाहेर कुठेच गळती नाही आणि तरी पातळी घटते, तेव्हा हेड गॅस्केटकडे पाहावे. इंजिन चालू असताना टाकीत सतत येणारे बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा दाट पांढरा धूर, ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ चिकटा, सकाळी सुरू करताना अडखळणारे इंजिन या त्याच्या खुणा. थंड सकाळी थोडी वाफ दिसणे किंवा टोपणाखाली किंचित ओलावा असणे वेगळे. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. टाकीवर रसायनाची नळी लावून केलेल्या चाचणीत द्रवाचा निळा रंग पिवळसर झाला, तर जळालेला वायू कूलंटमध्ये मिसळत असल्याचे कळते. हेड खोलण्याआधी ही चाचणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

साधे पाणी का चालत नाही?

पाणी ओतण्याची सवय जुन्या गाड्यांनी लावली. त्यांचे इंजिन ओतीव लोखंडाचे, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि रचना सैलसर असे. घाट चढून आल्यावर बॉनेट उघडायचे आणि कॅनमधले पाणी भरायचे, यात काही वावगे नव्हते. आजचे हेड आणि रेडिएटर दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे असतात. बोअरचे जड पाणी त्यांत क्षारांचा थर चढवते, जसा तो गिझरमध्ये किंवा पाणी तापवण्याच्या रॉडवर चढतो. हा थर उष्णता अडवतो आणि बारीक नळ्या बुजवतो. शिवाय साध्या पाण्यात गंज रोखणारी द्रव्ये नसतात, त्यामुळे पंपाची पाती आणि हेडमधल्या वाटा आतून पोखरल्या जातात.

कूलंट म्हणजे पाणी, ग्लायकॉल आणि गंजरोधक द्रव्यांचे मिश्रण. निम्मे-निम्मे मिश्रण साध्या पाण्यापेक्षा थोड्या जास्त तापमानाला उकळते. म्हणून नुसतेच घट्ट कूलंट ओतावे, असेही नाही. उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्यातच जास्त असते. ग्लायकॉलचे प्रमाण फार वाढले तर गाडी उलट तापू शकते. तयार मिश्रण घेतले तर त्यात पाणी घालायचे नसते. घट्ट कूलंट घेतले तर डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड पाणी घालायचे. हिरवा, लाल, निळा हा रंग केवळ ओळखीपुरता असतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकाच रंगाचे कूलंट एकाच जातीचे असेल, याची खात्री नाही आणि विजोड प्रकार मिसळल्यास गाळ धरू शकतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार आणि बदलण्याची मुदत पाळणे हाच त्यावरचा मार्ग.

कूलंट बदलल्यानंतर यंत्रणेत हवा अडकली, तरीही गाडी तापते. ‘कालच कूलंट बदलले आणि आज गाडी तापली’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असते. हवा काढण्याची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी आहे, ती मेकॅनिकला माहीत असायला हवी. काढलेले कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. त्यातले एथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि गोडसर चवीमुळे कुत्री-मांजरे ते चाटतात. लहान मुलांपासूनही ते दूर ठेवावे.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर किती विसंबावे?

काटा असलाच, तर थोडेसे. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम असा बसवलेला असतो की तापमान बरेच खालीवर झाले तरी तो मधोमध राहतो. चालकाला उगाच घोर लागू नये, हा हेतू. पण काटा मधून हलला तेव्हा बराच उशीर झालेला असतो. अनेक नव्या गाड्यांत तर काटाच नाही. गार इंजिनासाठी निळा आणि तापलेल्यासाठी लाल, असे दोन दिवे आहेत. लाल दिवा लागला की विचार करायला वेळ उरत नाही. दुसरा धोका असा, की कूलंट संपले तर सेन्सर द्रवाऐवजी वाफेत किंवा हवेत राहतो आणि काटा अचानक खाली येऊ शकतो. वर गेलेला काटा आपोआप उतरला म्हणून निर्धास्त होणे त्यामुळे घातक ठरते.

यावर स्मार्टफोनचा उपयोग होतो. १ एप्रिल २०२०पासून देशभर भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले. या पिढीच्या गाड्यांत डॅशबोर्डखाली तपासणीचा ओबीडी सॉकेट असतो. त्यात ब्लूटूथचे छोटे उपकरण लावले की कूलंटचे नेमके तापमान फोनवर दिसते. बहुतेक गाड्यांत कोंडीत ते ८५ ते १०५ अंशांच्या दरम्यान खालीवर होते. ११०च्या पुढे जाऊन चढतच राहिले, तर गाडी थांबवणे शहाणपणाचे. संगणकात साठलेले कोडही वाचता येतात. ‘पी ०२१७’ हा कोड इंजिन जादा तापल्याचा, ‘पी ०१२८’ हा थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचा संशय सांगणारा आणि ‘पी ०४८०’ हा पंख्याच्या सर्किटमधल्या दोषाचा. कोड म्हणजे अंतिम निदान नव्हे. कुठे पाहायचे, एवढेच तो सांगतो.

रस्त्यातच गाडी तापली तर?

काटा वर सरकू लागला, पण वाफ नाही आणि लाल दिवाही नाही, अशा वेळी एसी बंद करावा, काचा खाली घ्याव्यात आणि हीटर पूर्ण उष्णतेवर, ब्लोअर पूर्ण वेगात लावावा. मे महिन्यात हा सल्ला विचित्र वाटेल, पण हीटरची जाळी हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनाची काही उष्णता केबिनमधून बाहेर काढतो. हीटरमधून गार हवा आली तर कूलंट संपल्याचा संशय घ्यावा.

लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे, धोक्याचे दिवे लावावेत आणि प्रवाशांना रहदारीपासून दूर उभे करावे. ‘पुढच्या सिग्नलपर्यंत तरी जाईल’ या हिशेबाने हेड वाकते. वाफ येत असताना बॉनेट उघडू नये. टोपणाला किमान अर्धा-पाऊण तास हात लावू नये. दाबाखालचे कूलंट मोकळे होताच कारंज्यासारखे उसळते आणि चेहरा, हात भाजतात. गरम इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर जाड कापड धरून टोपण हळूहळू सैल करावे. कूलंट नसेल तर गॅरेजपर्यंत जाण्यापुरते स्वच्छ पाणी चालते, मात्र दुरुस्तीनंतर ते काढून योग्य कूलंट भरायला हवे. ओतलेले पाणी खाली वाहून जात असेल किंवा काटा लगेच पुन्हा चढत असेल, तर गाडी टोचन करूनच न्यावी. राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

एवढी काळजी कशासाठी?

कारण इथे खर्चाची उडी फार मोठी आहे. फ्यूज काही रुपयांचा आणि रिले काही शे रुपयांचा असतो. तोच दोष अंगावर काढला तर लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावणारे अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केट जाते आणि हेडचे फेसिंग, नवे गॅस्केट, मजुरी असा खर्च हजारांत जातो. त्यानंतरही गाडी तशीच दामटली तर इंजिन सीझ होते आणि आकडा लाखाच्या घरात पोहोचू शकतो. खासगी गाडीच्या मालकाला हा मनस्ताप असतो. कर्जाचा हप्ता भरत दिवसभर कोंडीत टॅक्सी चालवणाऱ्याला तो रोजीरोटीचा प्रश्न असतो. एक दिवस गाडी उभी ठेवली तर कमाई बुडते म्हणून तो बाटली घेऊन फिरतो, आणि एके दिवशी महिनाभराची कमाई हेडच्या कामात घालवतो. त्याला बेफिकीर म्हणणे सोपे आहे. तासाभरात नेमके निदान करून देणारे गॅरेज त्याला सहज सापडत नाही, हे जास्त खरे आहे.

त्यामुळे बदल तीन ठिकाणी हवा. वाहन कंपन्यांनी तापमानाचा आकडा डॅशबोर्डवर दाखवावा. तो संगणकाकडे आधीच असतो. हातभर स्क्रीनवर गाण्यांची यादी मावते, तर दोन-तीन अंकी आकडाही मावेल. गॅरेजांनी सुटे भाग बदलण्याआधी चाचणी करावी आणि बिलावर बदललेल्या भागाबरोबर दोषाचे कारणही लिहावे. ग्राहकांनीही तपासणीचे पैसे देताना कुरकुर करू नये. निदान फुकट हवे असते तिथे अंदाजाने बदललेल्या भागांच्या किमतीतून ते वसूल होते.

तोवर गाडीमालकाने स्वतः करायचे काम अगदी थोडे आहे. आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन गार असताना, कूलंटची पातळी ‘कमाल’ आणि ‘किमान’ या दोन खुणांमध्ये आहे का ते पाहावे. उन्हाळा सुरू होण्याआधी एसी लावून पंखा फिरतो का ते पाहावे. आणि गाडी तापलीच, तर पाण्याच्या बाटलीकडे हात जाण्याआधी ती उभी होती की धावत होती, एसी चालू होता की बंद आणि सुरू करून किती वेळ झाला होता, हे फोनमध्ये टिपून ठेवावे. मेकॅनिकला सर्वात आधी हेच तपशील लागतात.